जकात व नुकसानभरपाई अनुदान (महाराष्ट्र)

वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर स्थानिक संस्था घेत असे तो कर म्हणजे जकात. शब्द मुळात अरबी, अर्थ धर्मादाय दान. मराठी अंमलात तो व्यापारी करासाठी रुळलेला दिसतो: खरेदीच्या जागी थळभरीत, विक्रीच्या जागी थळमोड. नगरपालिकांची जकात ही त्याच परंपरेचा विस्तार मानण्याकडे कल असतो. मात्र जुनी जकात वाटेत ठिकठिकाणी व प्रामुख्याने सरकारासाठी घेतली जाई. नगरपालिकेची जकात शहरात खपणाऱ्या मालापुरती, पुढे जाणाऱ्या मालावर परतावा देणारी. म्हणून ती बहुधा एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश नगरपालिका कायद्यांची देणगी असावी; नाव तेवढे जुने राहिले.

महाराष्ट्रात १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि त्या अनुदानावर आल्या. महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी, नाक्यांशिवाय घेतला जाणारा स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. मुंबईत मात्र दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत लागत. चालकाने बिल दाखवायचे, पैसे भरायचे, पावती घेऊन आत शिरायचे. ही रोकड रोज तिजोरीत पडे, महागाईबरोबर वाढे.

२०१७ च्या राज्य कायद्याने जकात व एलबीटीच्या जागी नुकसानभरपाई आली: २०१६-१७ चे उत्पन्न आधार, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ. टाळेबंदीत नाके ओस पडले असते. सूत्रानुसार भरपाई मात्र वाढतच होती, हा मोठा आधार. पण आधारवर्षी ज्या शहराची वसुली कमी, त्याच्या वाट्याला तो कमीपणा कायमचा आला. झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरी शहरांवर हा अन्यायच आहे. शिवाय दर ठरवण्याचा अधिकार गेल्याने महापालिकेच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी उरली. यांचे दर वाढवणे प्रत्येक सभागृहाला जड जाते, म्हणून पगार व निवृत्तिवेतन भरपाईतून भागतात आणि नव्या कामांसाठी राज्य-केंद्राच्या योजनांकडे पाहावे लागते.

अनुदान ज्या खात्यात पडते तिथेच चिकटते, घरपट्टी कमी करायला ते फारसे वापरले जात नाही, असे अर्थशास्त्रात मानले जाते. केंद्राच्या पैशात हे चिकटणे सक्तीचे असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या ग्रामीण अनुदानात ६० टक्के निधी ‘बंधित’, म्हणजे पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेला. उरलेला ‘अबंधित’ असला, तरी त्यातून पगार व आस्थापना खर्च करता येत नाही. ग्रामपंचायतीला हा खर्च इतर मार्गांनी, जसे घरपट्टीतून, काढावा लागतो.