उलट्या वाटेने जाणारी वीज

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब इतक्या मोठ्या संख्येने आडवे झाले की श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गावांना पुढचे अनेक दिवस अंधारात काढावे लागले. अशा वेळी घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी एका रात्रीपलीकडे फारशी साथ देत नाही आणि विहिरीवरचा पंप तर तिच्यावर सहसा चालतच नाही. त्यामुळे ज्याला परवडते तो जनरेटरचा विचार करू लागतो. दुकानदार इंजिनची ताकद, टाकीची क्षमता आणि आवाज यांविषयी भरपूर सांगतो. जनरेटर घराच्या वायरिंगला कोठे आणि कसा जोडायचा, हा प्रश्न मात्र बहुधा ‘तुमचा नेहमीचा माणूस जोडून देईल’ एवढ्यावर मिटतो. खरा धोका त्या जोडणीतच असतो.

वीज गेली की जनरेटरची वायर जवळच्या सॉकेटमध्ये खोचून सगळे घर उजळवण्याचा जुगाड पुष्कळांनी पाहिलेला असेल. त्यासाठी दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर तयार करतात. तिचे एक टोक चालू जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात, एवढेच कारण ती वायर फेकून देण्यास पुरेसे आहे. पण दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. वीज कोणत्या बाजूने आली याचे तारेला काही सोयरसुतक नसते. मेन स्विच चुकून चालू राहिला, तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, खांबावरच्या तारांत शिरते आणि थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते. गावातला नेहमीचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो, म्हणजे एका फेजवर साधारण २५०. त्याच्या वेटोळ्यांचे प्रमाण सुमारे ४४ ला १ पडते. हे यंत्र दोन्ही दिशांनी सारखेच काम करत असल्यामुळे खालच्या बाजूला २३० व्होल्ट लावले की वरच्या तारांवर १०,००० व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होऊ शकतो.

शेजारच्या सगळ्या घरांचा भार अंगावर येताच छोटा जनरेटर तत्काळ बंद पडेल, असा युक्तिवाद यावर केला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. वादळानंतर मात्र तारा जागोजागी तुटलेल्या असतात, फ्यूज काढलेले असतात. आपल्या घरापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा तुकडा शाबूत आणि बाकीचा भार तुटलेला, ही स्थिती तेव्हा सहज उद्भवते. महावितरणचा जनमित्र, म्हणजे लाइनमन, खांबावर चढलेला असतो, तोही त्याच दिवसांत. त्याने दोन्ही बाजूंनी तारा अर्थ करूनच, म्हणजे जमिनीला जोडूनच, काम सुरू करावे असा नियम आहे, आणि त्या नियमामागे आपल्यासारख्यांची ही उलटी वीज हेही एक कारण आहे.

यावरचा उपाय यांत्रिक आहे आणि म्हणूनच भरवशाचा आहे. चेंजओव्हर स्विचचा दांडा महावितरणच्या बाजूला, मध्ये बंद किंवा जनरेटरच्या बाजूला असतो. एकाच वेळी दोन्हीकडे तो जाऊच शकत नाही. ‘आम्ही आठवणीने मेन पाडतो’ असे म्हणणाऱ्याने रात्री दोन वाजता, पावसात, अर्धवट झोपेत ही आठवण किती टिकेल याचा विचार करावा. सिंगल फेज घराला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर लागतो, कारण फेजबरोबर न्यूट्रलही, म्हणजे वीज परत नेणारी तारही, बदलला पाहिजे. न्यूट्रल समाईक ठेवून काम उरकले, तर घर बाहेरच्या तारेला जोडलेलेच राहते आणि बिघाडामुळे त्या तारेवर आलेला दाब आत येतो.

अर्थिंगचा मुद्दा यापेक्षा सूक्ष्म आहे आणि कामचलाऊ कारागीर नेमका येथेच उघडा पडतो. आरसीसीबी, ज्याला बोलताना आपण अजूनही ईएलसीबीच म्हणतो, ती वीज जमिनीकडे ३० मिलिअँपिअर इतकी गळू लागली की पुरवठा तोडते. पण गळती होण्यासाठी जमिनीत गेलेल्या विजेला उगमाकडे परतण्याची वाट लागते. महावितरणच्या पुरवठ्यात ही वाट ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलमुळे आपोआप मिळते. अनेक लहान जनरेटरांचा न्यूट्रल मात्र कशालाच जोडलेला नसतो. असा जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, की पहिल्या बिघाडाला आरसीसीबी गप्प बसते आणि तो बिघाड कोणाच्या लक्षात न येता तसाच राहतो. म्हणून जनरेटरचा न्यूट्रल त्याच्या स्वतंत्र अर्थ पिटला, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याला, जोडायचा की नाही, कोठे जोडायचा, हे संच आणि चेंजओव्हर पाहून ठरवावे लागते.

गच्चीवर सौर पॅनेल असलेल्यांसाठी आणखी एक अडचण आहे. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्याला, जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज जाताच स्वतःहून बंद होतो. परंतु जनरेटर सुरू झाल्यावर तो त्यालाच ग्रिड समजून पुन्हा जागा होऊ शकतो आणि उरलेली वीज जनरेटरमध्ये ढकलू लागतो. ती पचवण्याची त्या यंत्राची रचना नसते. त्यामुळे साध्या मांडणीत सौर जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडील बाजूलाच ठेवतात.

जागेच्या निवडीत तडजोड नको. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि हवेच्या तुलनेत वजनात जवळजवळ फरकही नाही. तो खाली बसत नाही की वर निघून जात नाही, खोलीभर मिसळतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच चार-पाच तास लागतात. सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गुंगीने होते, म्हणून लोक झोपून घेतात. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते आणि पडद्यावर ९८ दिसत राहते. बंद बाल्कनी, जिन्याखालची जागा, शटर अर्धे उघडे ठेवलेले गॅरेज यांपैकी काहीही चालणार नाही. खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर दूर, मोकळ्यावर, पावसाचे छप्पर पण चारही बाजू उघड्या, अशी जागा लागते.

क्षमतेबाबत थोडक्यात एवढेच की मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एक हॉर्सपॉवरच्या पंपासाठी २ केव्हीएचा संच कागदावर पुरेसा दिसतो आणि बटण दाबताच गुदमरतो.

हे सारे कोणी करायचे, याचे उत्तर कायद्यात आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर ग्राहकाच्या जागेतील वीजकाम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचे असते. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. हे कागद मागताना संकोच वाटू देऊ नये. माझ्या मते कागदांइतकीच खात्रीची खूण म्हणजे तो माणूस काय विचारतो: मीटर कोठे आहे, अर्थ पिट कधी तपासला, सौर आहे का, झोपण्याच्या खोल्यांच्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत. जो केवळ किती केव्हीए एवढेच विचारतो आणि तासाभरात जोडून देतो म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

काम संपल्यावर जनरेटर चालू ठेवून, सर्वांत मोठी मोटर सुरू करून आणि मीटरकडील तारा खरोखर मृत आहेत हे ठेकेदाराकडून मोजून घेऊन मगच पैसे चुकते करावेत. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबून दाखवले, तर त्यावर समाधान मानू नये. ते बटण आतल्या रोधातून गळतीची नक्कल करते, त्यामुळे जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसतानाही आरसीसीबी खटकन पडते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्टर यंत्र लावून घेतलेली चाचणीच खरी, आणि ती जनरेटरवर घर चालू असताना घ्यावी लागते.