जुगारजन्य हानी आणि कायदेसुधारणा

जुगारामुळे व्यक्ती, कुटुंब आणि समाज यांची होणारी हानी कमी व्हावी, या उद्देशाने जुगारविषयक कायद्यांत केल्या जाणाऱ्या बदलांचा विचार या नोंदीत केला आहे. जुगाराचे जुने कायदे मुख्यतः दोन हेतूंनी झाले. एक, सार्वजनिक नीती व सुव्यवस्था राखणे. आणि दुसरा, जिथे जुगाराला परवानगी दिली तिथे खेळ लबाडीपासून दूर ठेवून सरकारी महसूल मिळवणे. खेळणाऱ्याचे आणि त्याच्या घरच्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांत दुय्यम राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जलद इलेक्ट्रॉनिक यंत्रे सर्वत्र पसरली, नंतर मोबाइलवर चोवीस तास जुगार उपलब्ध झाला, आणि हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. कायदा खेळणाऱ्याच्या संयमावर विसंबून न राहता खेळाची रचना, त्याचा वेग, त्याची जाहिरात आणि त्यात पैसे घालण्याचे मार्ग यांना हात घालतो तेव्हाच तो हानी कमी करतो, असे आजवरच्या अनुभवावरून दिसते.

हानीचे स्वरूप

जुगाराची हानी सर्वांत आधी पैशांच्या रूपाने दिसते. बचत संपते, कर्ज वाढते, घरातल्या वस्तू विकल्या जातात. मात्र ती तिथेच थांबत नाही. खोटे बोलणे आणि लपवाछपवी यांमुळे नाती तुटतात, झोप आणि मानसिक आरोग्य बिघडते, कामावरचे लक्ष उडते, काही वेळा अपहार किंवा चोरी घडते. आत्महत्येशी जुगाराचा असलेला संबंध विशेष गंभीर आहे. स्वीडनमध्ये आरोग्य नोंदींच्या आधारे झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुगाराच्या विकाराचे निदान झालेल्या प्रौढांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे पंधरापट आढळले. अशा निदानापर्यंत पोहोचणारे रुग्ण बहुधा अतिशय बिकट अवस्थेतले असतात, हे लक्षात घेऊनही हा आकडा हादरवून टाकणारा आहे.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराचा समावेश केला तेव्हा तो आवेगनियंत्रणाचा दोष मानला होता. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत त्याला मद्य आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे 1.2 टक्के प्रौढांना हा विकार आहे. तथापि हानी केवळ या गटापुरती मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 2016 मध्ये झालेल्या मोजणीत एकूण हानीपैकी सुमारे 85 टक्के हानी कमी व मध्यम जोखमीच्या गटांतील खेळणाऱ्यांत विखुरलेली आढळली, कारण त्यांची संख्याच फार मोठी असते. मोजणीच्या पद्धतीवर संशोधकांत मतभेद आहेत, पण धोरणासाठी त्यातला बोध महत्त्वाचा ठरला: काही थोड्या ‘आजारी’ माणसांवर उपचार केले की प्रश्न सुटला, ही समजूत टिकत नाही.

जबाबदारी कोणाची

अनेक देशांच्या धोरणांवर दीर्घकाळ ‘जबाबदारीने खेळा’ या विचाराचा पगडा होता. खेळणाऱ्याला पुरेशी माहिती द्यावी, त्याने स्वतः मर्यादा घालून घ्यावी, आणि ज्याचा तोल गेला त्याच्यासाठी मदतकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक असावा, एवढी त्याची व्याप्ती होती. 2004 मध्ये मांडलेल्या ‘रेनो प्रारूपा’ने या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. त्यावरचा मुख्य आक्षेप असा की, ज्या उद्योगाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा अडचणीत आलेल्या खेळणाऱ्यांकडूनच येतो, त्या उद्योगाकडे त्याच खेळणाऱ्यांना आवरण्याचे काम सोपवले जाते. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने 2010 च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक जुगारयंत्रांवर खर्च होणाऱ्या रकमेपैकी सुमारे 40 टक्के रक्कम समस्याग्रस्त खेळणाऱ्यांकडून येते, असा अंदाज दिला होता. एवढा विरोध हितसंबंधात असताना ऐच्छिक उपाय अपुरे पडले, यात नवल नाही. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने विचार करणारे अभ्यासक तंबाखू आणि मद्य यांच्याप्रमाणेच जुगारालाही उपलब्धता, किंमत, जाहिरात आणि उत्पादनाची रचना या चार अंगांनी बंधने घालावीत, असे सांगतात.

खेळाची रचना आणि वेग

सर्व जुगार सारख्याच हानीचे नसतात. आठवड्यातून एकदा सोडत निघणाऱ्या लॉटरीत डाव आणि निकाल यांच्यात विचाराला वेळ असतो. यंत्रावरच्या किंवा मोबाइलवरच्या स्लॉट खेळात (चित्रांची चक्रे फिरवून नशीब आजमावण्याच्या खेळात) तो काही सेकंदांचाच असतो. शिवाय थोडक्यात हुकल्याचा भास निर्माण करणे, लावलेल्या रकमेपेक्षा कमी परत मिळाले तरी जिंकल्यासारखा आवाज व प्रकाश करणे, बोट न लावता डाव आपोआप चालू ठेवणे अशा क्लृप्त्या रचनेतच गुंफलेल्या असतात. कायदेसुधारणेतील सर्वांत परिणामकारक तरतुदी याच ठिकाणी सापडतात.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 2005 च्या जुगार कायद्यानंतर तेथील पैजेच्या दुकानांत अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर आली, ज्यांवर दर वीस सेकंदांना 100 पौंडांपर्यंत रक्कम लावता येत असे. कुटुंबे, कार्यकर्ते आणि खासदार यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर मे 2018 मध्ये सरकारने ही मर्यादा 2 पौंडांवर आणण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अंमलबजावणीसाठी ऑक्टोबर 2019 ही तारीख पुढे आली, तेव्हा जुगाराचा विषय सांभाळणाऱ्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी विलंबाच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि काही दिवसांतच सरकारला ती तारीख एप्रिल 2019 वर आणावी लागली. मात्र दुकानातल्या यंत्राला लागू झालेला नियम मोबाइलला लागू झाला नाही. ऑनलाइन स्लॉटवर 2021 मध्ये दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर आणि आपोआप चालणाऱ्या डावांवर बंदी आली. एका डावावरची रक्कम मात्र 2025 पर्यंत अमर्याद होती. त्या वर्षी तिची मर्यादा 25 वर्षे व त्यावरील प्रौढांसाठी 5 पौंड आणि 18 ते 24 वयोगटासाठी 2 पौंड झाली. हानीच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणचा खेळ एकच असताना मधली सहा वर्षे गेली, आणि त्या काळात घरबसल्या खेळणाऱ्याला कमी संरक्षण मिळाले, हे या सुधारणेचे सर्वांत मोठे वैगुण्य होय.

नॉर्वेने याहून मूलगामी मार्ग धरला. 2006 मध्ये यंत्रांत नोटा घालण्यास बंदी झाली आणि जुलै 2007 पासून खासगी जुगारयंत्रे पूर्णपणे हटवण्यात आली. नंतर सरकारी कंपनीने आणलेल्या नव्या यंत्रांवर ओळखपत्राशिवाय खेळता येत नाही आणि तोट्याची मर्यादा सर्वांना बंधनकारक आहे. यंत्रे गेल्यावर लोक दुसऱ्या प्रकारच्या जुगाराकडे त्याच प्रमाणात वळतील, ही भीती त्यानंतरच्या सर्वेक्षणांत खरी ठरली नाही. जुगार खेळण्याचे एकूण प्रमाण घटले. जर्मनीतील राज्यांच्या 2021 च्या करारात सर्व परवानाधारकांकडे मिळून महिन्याला 1,000 युरोची भरणा-मर्यादा, ऑनलाइन स्लॉटवर एका डावाला 1 युरो आणि दोन डावांत पाच सेकंदांचे अंतर अशा तरतुदी आहेत. मर्यादा प्रत्येक कंपनीपुरती न ठेवता खेळणाऱ्याच्या एकूण भरण्यावर लावणे, हे या कराराचे खरे सामर्थ्य आहे; कारण एका संकेतस्थळावरची मर्यादा संपली की दुसऱ्यावर जाणे काही क्षणांचे काम असते.

उधारी, कर्ज आणि ऐपतीची पडताळणी

स्वतःजवळ नसलेल्या पैशाने खेळला जाणारा जुगार सर्वांत वेगाने सर्वनाश करतो. जुन्या कायद्यांना याची जाण होती. ब्रिटनच्या 1845 च्या कायद्याने जुगाराचे करार निरर्थक ठरवले होते. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 30 मध्येही पैजेचा करार शून्य मानला आहे. ब्रिटनने 2005 च्या कायद्याने हे संरक्षण काढून घेतले आणि जुगाराची देणी न्यायालयातून वसूल करण्याजोगी केली. पुढे क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास तेथे एप्रिल 2020 मध्ये, तर ऑस्ट्रेलियात ऑनलाइन पैजांसाठी जून 2024 मध्ये बंदी आली.

ऐपतीची पडताळणी हा यापुढचा आणि अधिक वादग्रस्त टप्पा आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2025 पासून एखाद्या ग्राहकाचा निव्वळ भरणा तीस दिवसांत 150 पौंडांवर गेला की दिवाळखोरी किंवा थकीत कर्जाच्या सार्वजनिक नोंदी परवानाधारकाने तपासणे आवश्यक आहे. खासगीपणावर आक्रमण होते, हा त्यावरचा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. तरीही जी कंपनी ग्राहकाच्या प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवून त्याला बोनस कधी द्यायचा हे ठरवते, तिने तीच माहिती त्याला वाचवण्यासाठी वापरावी, ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही.

स्वयंबंदी आणि जाहिरात

खेळणाऱ्याने स्वतःहून आपल्याला प्रवेश नाकारण्याची विनंती करणे म्हणजे स्वयंबंदी. ती एकेका दुकानापुरती असेल तर तिचा उपयोग थोडा असतो, म्हणून अनेक देशांनी राष्ट्रीय नोंदवह्या उभारल्या: स्वीडनमध्ये 2019 मध्ये ‘स्पेलपाउस’, नेदरलँड्समध्ये 2021 मध्ये ‘क्रुक्स’, ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये ‘बेटस्टॉप’. सिंगापूरमध्ये कुटुंबीयही अर्ज करून एखाद्याच्या कॅसिनो-प्रवेशावर बंदी आणवू शकतात. शिवाय नागरिक व कायम रहिवासी यांना कॅसिनोत जाण्यासाठी दिवसाला 150 सिंगापूर डॉलर शुल्क भरावे लागते.

जाहिरातींवर इटलीने 2018 च्या अध्यादेशाने जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि बेल्जियमने जुलै 2023 पासून बहुतेक माध्यमांत ती आणली. खेळ आणि पैज यांची सांगड मुलांच्या मनात लहानपणीच बसते, त्यामुळे क्रीडास्पर्धांच्या प्रक्षेपणातील जाहिरातींवरील बंधने हा केवळ अभिरुचीचा प्रश्न मानता येत नाही.

सुधारणांना होणारा विरोध

ऑस्ट्रेलियात घडलेला प्रसंग राजकीय अडचणींचे स्वरूप स्पष्ट करतो. उत्पादकता आयोगाने 2010 मध्ये यंत्रावरील एका डावाची कमाल रक्कम 1 डॉलर करावी आणि खेळणाऱ्याने तोट्याची मर्यादा आधीच ठरवण्याची व्यवस्था असावी, अशी शिफारस केली. अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी ज्युलिया गिलार्ड यांच्या अल्पमतातील सरकारला पाठिंबा देताना पूर्वमर्यादेची अट घातली. यंत्रांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या क्लबांनी त्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली, जानेवारी 2012 मध्ये सरकारने माघार घेतली, त्या वर्षाअखेर एक सौम्य कायदा झाला आणि 2014 मध्ये नव्या सरकारने त्यातील बहुतेक तरतुदी रद्द केल्या. दुसरीकडे त्याच देशात पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने ही यंत्रे पर्थमधील एका कॅसिनोबाहेर कधीच येऊ दिलेली नाहीत.

कडक नियमांमुळे ग्राहक बेकायदा व परदेशी संकेतस्थळांकडे जातील, हा उद्योगाचा नेहमीचा युक्तिवाद आहे. त्यात तथ्यांश आहे. म्हणूनच बँकांमार्फत होणारे व्यवहार रोखणे, संकेतस्थळे बंद करणे आणि विनापरवाना जाहिरातींवर कारवाई करणे ही कामे सुधारणांबरोबरच करावी लागतात. पण बेकायदा बाजाराची भीती दाखवून कायदेशीर बाजार तितकाच धोकादायक ठेवणे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सरकारचे स्वतःचे अवलंबित्व हा अधिक अवघड अडथळा आहे, कारण करातून येणारा महसूल घटेल अशी सुधारणा करताना अर्थखात्याचा हात आखडता राहतो. उपचार व संशोधन यांचा खर्च उद्योगाच्या ऐच्छिक देणग्यांवर ठेवल्यास संशोधनाच्या स्वातंत्र्यावर सावट येते. न्यूझीलंडच्या 2003 च्या कायद्याने त्यासाठी उद्योगावर सक्तीचा आकार (शुल्क) बसवला, आणि ब्रिटनने एप्रिल 2025 पासून तो लागू करून त्यातील निम्मी रक्कम उपचारांसाठी, 30 टक्के प्रतिबंधासाठी व 20 टक्के संशोधनासाठी राखली.

बंदी आणि व्याख्येचे प्रश्न

काही कायदे नियमनाऐवजी बंदीचा मार्ग स्वीकारतात. भारतात 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात जुगारअड्डा चालवणाऱ्याबरोबर तिथे सापडणाऱ्यालाही शिक्षा होती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. हा बदल हानिनियंत्रणाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण शिक्षेच्या धास्तीने माणूस मदत मागायला पुढे येत नाही. या अधिनियमाने कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा न्यायालयांनी अनेक दशके जपलेला भेदही बाजूला ठेवला. गुन्हा ठरवण्यासाठी त्या भेदाला अर्थ असेल, पण हानी मोजण्यासाठी तो निरुपयोगी आहे. कर्ज काढून हरलेली रक्कम पत्त्यांच्या कौशल्याच्या डावात गेली की फिरत्या चक्रावर, याने घरातली ओढाताण बदलत नाही.

व्याख्येचा प्रश्न व्हिडिओ गेममधील ‘लूट बॉक्स’मुळे आणखी गुंतागुंतीचा झाला. आत काय निघेल हे न कळता पैसे देऊन उघडायच्या या पेट्या मुलेही विकत घेतात. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या व्याख्येत बसतात असे ठरवले; ब्रिटनच्या कायद्यात, मिळालेल्या वस्तूचे पैशात रूपांतर करता येत नसेल तर ती सामान्यतः त्या व्याख्येबाहेर राहते. एकच पेटी एका देशात परवान्याशिवाय विकणे गुन्हा ठरते, तर दुसऱ्या देशात ती मुलांच्या खेळण्याचा भाग मानली जाते.