गुळाचा खडा आणि आगीचा धूर

आग विझवून आलेल्या जवानाला गूळ किंवा ग्लासभर दूध द्यावं, म्हणजे छातीतला धूर निघून जातो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. गुळाने तरतरी येते, ते खरंच. पण घास अन्ननलिकेतून पोटात उतरतो आणि धूर श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही.

शिवाय धुरातला खरा घातकी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. ओला रुमालही त्याला अडवत नाही. म्हणून ज्वाळा विझल्यावर, राडारोडा उपसतानाही हवेच्या सिलिंडरचा मास्क चढवलेलाच हवा. आणि नेमका तेव्हाच तो काढायचा मोह होतो!

काळवंडलेला गणवेश ही मर्दुमकीची खूण मानणारेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक ठरवलं. काजळीतली रसायनं कातडीतूनही आत जातात, तेव्हा आधी गणवेश उतरवून मानेसकट अंग धुवावं. गूळ मग खुशाल खावा.