ग्रह आधी, तारा नंतर

परग्रह शोधण्याच्या बहुतेक पद्धतींत तारा समोर दिसत असतो. त्याच्या प्रकाशात पडणारी किंचित घट किंवा त्याचं हलकंसं डगमगणं पाहून ग्रहाचा माग काढला जातो. मायक्रोलेन्सिंगमध्ये, म्हणजे सूक्ष्मभिंगाच्या पद्धतीत, सगळं उलटं. ग्रहाची चाहूल आधी लागते, आणि तो ज्याच्याभोवती फिरतो तो तारा कोणता हे कळायला कित्येकदा बरीच वर्षं जातात.

आकाशगंगेच्या मध्यभागाकडे ताऱ्यांची दाटी आहे. तिथल्या दूरच्या ताऱ्याच्या आणि आपल्या बरोबर मधून दुसरा तारा सरकला, की मधल्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्याचा प्रकाश वळतो आणि मागचा तारा काही आठवडे जास्त तेजस्वी दिसतो. मधल्या ताऱ्याला ग्रह असेल, तर तेजाच्या आलेखात काही तासांचा किंवा दिवसांचा जादा चढ-उतार उमटतो. आइन्स्टाइननं 1936 मध्ये हे गणित छापलं, तेव्हा असं काही प्रत्यक्ष पाहायला मिळेल अशी त्याला फारशी आशा नव्हती. आज या पद्धतीनं सापडलेल्या ग्रहांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे.

अडचण अशी की हा आलेख ग्रहाचं वजन थेट सांगत नाही, ग्रह आणि तारा यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर सांगतो. समजा ते हजारास एक निघालं. तारा सूर्याएवढा असेल तर ग्रह गुरूएवढा. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या तीन दशांश असेल, तर तोच ग्रह शनीएवढा भरतो. तारा ओळखता आला नाही तर ग्रहाचं वजन अंदाजावरच राहतं.

घटना घडत असताना दोन्ही तारे एकमेकांवर चढलेले असतात. त्यांच्यातलं अंतर साधारण एक मिलिआर्कसेकंद (आकाशातला कोन मोजण्याचं अतिसूक्ष्म एकक) असतं, आणि पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सुमारे 18 लाख मिलिआर्कसेकंद भरतो, यावरून त्या अंतराची कल्पना यावी. हबल या अंतराळ दुर्बिणीची नजरही साधारण 50 मिलिआर्कसेकंदांपर्यंतच पोचते. जमिनीवरून वातावरणाच्या थरथरीमुळे त्या गर्दीतले शेजारचे तारेही एकाच ठिपक्यात मिसळतात. मग उपाय एकच: थांबायचं. दोघे आपापल्या वाटेनं जात असतात आणि वर्षाला चार-आठ मिलिआर्कसेकंदांनी दूर होतात.

ओजीएलई-2005-बीएलजी-169 ही 2005 सालची घटना. (ओजीएलई आणि पुढे येणारी एमओए ही अशा घटना शोधणाऱ्या मोहिमांची नावं.) साडेसहा वर्षांनी, 2011 मध्ये, हबलनं तिथे पाहिलं तर दोन तारे सुमारे 48 मिलिआर्कसेकंद दूर गेलेले. 2013 मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीनं पाहिलं, तेव्हा अंतर 61 वर गेलं होतं. मूळ आलेखावरून दोघांच्या सापेक्ष वेगाचा जो अंदाज बांधला होता, त्याच्याशी हे जुळलं. तारा सूर्याच्या जवळपास 70 टक्के वस्तुमानाचा निघाला आणि ग्रह पृथ्वीच्या सुमारे 14 पट, म्हणजे युरेनसच्या तोलाचा. मला या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम हेच वाटतं.

वेगाची ही पडताळणी टाळून चालत नाही. एमओए-2008-बीएलजी-310 या घटनेत मागच्या ताऱ्याच्या जागी जादा प्रकाश सापडला होता आणि तो ग्रहाच्या ताऱ्याचा असू शकतो असं वाटत होतं. हबलनं नंतर दाखवून दिलं की त्याची चाल जुळत नाही. तो भलताच तारा होता.

कधी कधी तारे वेगळे होईपर्यंत थांबावंही लागत नाही. दोघांचे रंग वेगळे असतील, तर एकवटलेल्या ठिपक्याचा मध्य निळसर आणि तांबूस गाळण्यांतून किंचित वेगळ्या जागी दिसतो. मायक्रोलेन्सिंगनं सापडलेल्या पहिल्या ग्रहाच्या बाबतीत, 2003 च्या घटनेनंतर दोन वर्षांच्या आतच, हबलनं हा एका मिलिआर्कसेकंदाहूनही कमी असलेला फरक टिपला. त्यावरून ग्रह गुरूच्या अडीच पटींहून थोडा जड ठरला.

आणि काहीच दिसलं नाही तर? एमओए-2010-बीएलजी-477 मधल्या ग्रहाचा तारा केकनं पुन्हा पुन्हा शोधला, सापडला नाही. साधा तारा असता तर दिसलाच असता. न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर म्हणावं तर वस्तुमान तेवढं नव्हतं. उरला श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारखा तारा विझल्यावर मागे राहणारा लहान, दाट गाभा. आपला सूर्य विझल्यावर गुरूचं काय होईल, याचा नमुनाच त्या रिकाम्या जागेनं हाती दिला.

या मोजमापांवर ग्रह कसे घडतात याचे सिद्धांत तपासले जातात. पृथ्वीच्या 20 ते 80 पट वजनाचे ग्रह दुर्मीळ असावेत, कारण या टप्प्यावर वाढता ग्रह भराभर वायू ओढून थेट गुरूसारखा होतो, असं एक प्रचलित मत होतं. ओजीएलई-2012-बीएलजी-0950 चा तारा केक आणि हबल यांनी ओळखला, तेव्हा ग्रह पृथ्वीच्या सुमारे 39 पट भरला, अगदी त्या दुर्मीळ पट्ट्यातला. असा एक ग्रह सिद्धांत मोडत नाही. त्यासाठी असे अनेक तारे ओळखायला हवेत, आणि एकेका ताऱ्यासाठी हबलचा वेळ मागून ते होणार नाही.

नासाच्या नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीची आखणी हे लक्षात घेऊनच केली आहे. आरसा हबलएवढाच, 2.4 मीटरचा, पण एका चित्रात मावणारं आकाश निदान शंभरपट. आकाशगंगेच्या मध्याकडचे तेच पट्टे ती सुमारे 70 दिवसांच्या सहा हंगामांत दर बारा-पंधरा मिनिटांनी टिपणार, काही हंगाम मोहिमेच्या सुरुवातीला आणि काही शेवटाकडे. त्यामुळे पहिल्या हंगामात सापडलेल्या ग्रहाचा तारा शेवटच्या हंगामापर्यंत किती सरकला, हे तिच्याच चित्रांवरून मोजता येईल.