नेत्रतपासणी (मराठवाडा)

दृष्टीची तीक्ष्णता, डोळ्याची बाह्य व आंतर रचना, बाहुलीच्या प्रतिक्रिया, डोळ्यांच्या हालचाली आणि नेत्रांतर्गत दाब यांची क्रमाने पाहणी करून विकाराचे निदान करण्याच्या पद्धतीस नेत्रतपासणी म्हणतात. मराठवाड्यात ही तपासणी ग्रामीण रुग्णालयांतील नेत्रचिकित्सा अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्रविभाग, धर्मादाय नेत्रालये व शिबिरे यांच्यामार्फत होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना आहे. हा भाग मूळ संहितेस मागाहून जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याचा काळ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ढोबळपणेच ठेवता येतो. त्यातील कफज लिंगनाश म्हणजे आजचा मोतीबिंदू, हे समीकरण बहुधा स्वीकारले जाते.

डोळ्याच्या आतील भाग पाहण्याच्या नेत्रदर्शक यंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. जिवंत डोळ्याच्या मागील भागातून परतणारा प्रकाश शरीरक्रियावैज्ञानिक पुर्किन्ये यांनी १८२३ मध्येच वर्णिला होता, परंतु त्याकडे दुर्लक्ष झाले. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्ये एक यंत्र तयार करून वॉर्टन जोन्स या नेत्रतज्ज्ञांना दाखविले. त्यांना त्यातून काही उपयुक्त दिसले नाही आणि यंत्राचे वर्णन १८५४ पर्यंत अप्रकाशित राहिले. तोपर्यंत जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांचा अशाच यंत्रावरील १८५१ चा प्रबंध सर्वत्र पोहोचला होता. बॅबेज यांचा अग्रक्रम मांडणारे कालक्रमावर भर देतात. तथापि बाहुली काळी का दिसते, म्हणजे डोळ्यातून परतणारा प्रकाश आपल्या उगमाकडेच जातो आणि म्हणून पाहणाऱ्याचा डोळा त्याच मार्गावर असावा लागतो, हे सप्रमाण सांगण्याचे श्रेय हेल्महोल्ट्स यांच्याकडे जात असल्याने शोधाचा मान त्यांनाच देणे अधिक सयुक्तिक वाटते.

दृष्टितीक्ष्णता प्रत्येक डोळ्याची स्वतंत्रपणे, दुसरा डोळा झाकून मोजतात. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यांच्या १८६२ च्या तक्त्यात अक्षर ५ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते व त्याची रेघ १ कलेचा. त्यामुळे ६ मीटरवरून वाचावयाच्या ६/६ (सामान्य दृष्टीच्या) ओळीतील अक्षराची उंची सुमारे ८.७ मिमी. येते. हे गणित रोमन मोठ्या अक्षरांना सहज लागू पडते. देवनागरीत शिरोरेषा सर्वत्र समान, तर तिच्याखालील वळणे कमीअधिक गुंतागुंतीची असतात, म्हणून एकाच ओळीतील दोन अक्षरे ओळखण्यास सारखी सोपी नसतात. मराठी तक्ता रुग्णास सोयीचा असला, तरी निरक्षर ज्येष्ठांसाठी आणि दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना करण्यासाठी चार दिशांना तोंड असलेल्या ‘ई’ चिन्हाचा तक्ता अधिक भरवशाचा ठरतो. पहिली ओळही दिसत नसल्यास बोटे मोजणे, हाताची हालचाल आणि प्रकाशाची जाणीव या उतरत्या क्रमाने नोंद करतात. पिनहोल (बारीक छिद्राच्या) चकतीतून दृष्टी सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याने दूर होणारा असतो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये त्याची अंधत्वाची मर्यादा ६/६० (सामान्य डोळ्यास ६० मीटरवरून दिसणारे ६ मीटरवरून दिसणे) वरून ३/६० वर आल्याने त्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे रुग्णास विचारणे, दोन्ही बाहुल्यांवर आळीपाळीने विजेरी धरून प्रतिक्रिया पाहणे आणि अश्रुपिशवीवर दाब देऊन पू येतो का हे तपासणे आवश्यक असते. भिंग पूर्ण पांढरे झाल्यावर मागील जालपटल (प्रकाश ग्रहण करणारा पडदा) दिसत नाही व त्याची स्थिती याच चाचण्यांवरून ताडावी लागते. काचबिंदूत मधली दृष्टी दीर्घकाळ शाबूत राहते, म्हणून केवळ तक्ता वाचून घेणाऱ्या शिबिरात तो निसटतो. नेत्रांतर्गत दाब सामान्यतः १० ते २१ मिमी. पारा असतो, परंतु या मर्यादेतही काचबिंदू आढळतो; निदानासाठी चक्षुचेताबिंबाची (दृष्टीची चेता डोळ्यातून बाहेर पडते त्या जागेची) खोलगटता व दृष्टिक्षेत्र पाहणे अटळ आहे. मधुमेही रुग्णांत बाहुली विस्फारून जालपटल पाहतात, दृष्टी ६/६ असली तरीही.

कापूस वेचणी, ज्वारीची काढणी व ऊसतोड यांत पाते किंवा धसकट लागून स्वच्छमंडलास (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास) होणारी इजा या प्रदेशाच्या कृषिजीवनाशी निगडित आहे. वनस्पतीच्या अशा इजेनंतर बुरशीजन्य व्रण होऊ शकतो. फ्लुरेसीन या रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात व्रणाची सीमा पाहतात आणि खरवडून घेतलेला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. निदानापूर्वी दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातल्यास व्रण चिघळतो, ही बाब रुग्णाच्या पूर्ववृत्तात मुद्दाम विचारण्याजोगी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामात जिल्ह्याबाहेर असतात. हिवाळ्यात गावी भरणाऱ्या शिबिरांत ती साहजिकच सापडत नाहीत.

खुपरीसाठी (ट्रॅकोमा) वरची पापणी उलटून पाहतात. भारतात ती सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. वडस (बुबुळावर वाढणारा मांसल पडदा), रांजणवाडी व डोळे येणे यांचे निदान बाह्य पाहणीनेच होते.

१९५६ मध्ये स्थापन झालेले व घाटी या नावाने परिचित असलेले छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालन्याचे गणपती नेत्रालय आणि उदगीरचे लायन्स नेत्र रुग्णालय ही विभागातील उल्लेखनीय केंद्रे होत. मोतीबिंदू शस्त्रक्रियेसाठी ख्यातनाम असलेले पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने हे लातूर जिल्ह्यातील माकेगावचे. त्यांची कारकीर्द मात्र मुख्यतः मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घडली.