मीडिया बटणे (संगणक कीबोर्ड)

गाणे सुरू करणे, थांबवणे, पुढचे-मागचे लावणे आणि आवाज कमी-जास्त करणे यांसाठी संगणकाच्या कीबोर्डवर असलेली खास बटणे. बोलताना सगळे ‘मीडिया की’ म्हणतात. मोठ्या कीबोर्डवर ती बहुधा वरच्या कडेला सुटी असतात, लॅपटॉपवर मात्र एफ-१ ते एफ-१२ याच रांगेत कोंबलेली असतात. बटण दाबले तरी आपला प्लेअर (गाणी वाजवणारा प्रोग्रॅम) ढिम्म आणि ब्राउझरच्या मागच्या टॅबमधला व्हिडिओ सुरू, ही त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार.

कार्य : बटण प्लेअरला ओळखत नाही. यूएसबीच्या ठरलेल्या संकेतांनुसार कीबोर्ड फक्त एक क्रमांक पाठवतो. अक्षरांचे क्रमांक एका तक्त्यात आणि मीडिया बटणांचे ‘कन्झ्युमर’ नावाच्या दुसऱ्याच तक्त्यात असतात. म्हणून टायपिंग मराठी इनस्क्रिप्टमध्ये चालू असो वा इंग्रजीत, या बटणांना काही फरक पडत नाही. आलेला क्रमांक कोणत्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि गोंधळ होतो तो इथेच. आवाजाची बटणे यातून सुटलेली असतात, कारण ती सहसा थेट सिस्टिमचाच आवाज बदलतात. त्यामुळे आवाज कमी-जास्त होतो पण गाणे थांबत नाही, असे दिसले तर कीबोर्डला दोष देण्यात अर्थ नाही.

विंडोज : जुनी पद्धत ‘आधी येईल त्याचे बटण’ अशी होती. एखाद्या प्रोग्रॅमने ग्लोबल हॉटकी म्हणून (म्हणजे समोर कोणतीही खिडकी असली तरी चालणारे) बटण नोंदवले की दुसऱ्याला तेच नोंदवता येत नसे, आणि ही पद्धत आजही शाबूत आहे. विंडोज १० पासून तिच्या जोडीला सिस्टिमची स्वतःची व्यवस्था नीट रुळली. वाजवणारे अनेक प्रोग्रॅम तिच्याकडे नाव नोंदवतात आणि त्यांच्यापैकी साधारणपणे शेवटी ज्याने काही वाजवले त्याला बटण मिळते. २०१९ मध्ये क्रोमच्या ७३ व्या आवृत्तीने आणि २०२० मध्ये फायरफॉक्सच्या ८१ व्या आवृत्तीने ही बटणे ऐकायला सुरुवात केली. तेव्हापासून ब्राउझर हा गाण्याच्या प्लेअरचा मोठा प्रतिस्पर्धी झाला आहे.

म्हणून उपाय ब्राउझरपासून सुरू करावा, स्क्रिप्ट वगैरे नंतर. क्रोममध्ये फ्लॅग्ज या प्रायोगिक सेटिंगच्या पानावर (chrome://flags) ‘हार्डवेअर मीडिया की हँडलिंग’ हा पर्याय बंद करून ब्राउझर पुन्हा उघडावा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात कीबोर्ड व हेडसेटने मीडिया चालवण्याची टिकखूण काढली की भागते. निम्म्याहून अधिक भांडण इथेच मिटते. त्यानंतरही प्लेअर ऐकत नसेल तर त्याच्याच सेटिंगमध्ये शिरावे. व्हीएलसी या प्लेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘हॉटकीज’ पानावर ‘ग्लोबल’ असा वेगळा रकाना आहे. प्ले/पॉजच्या ओळीत त्या रकान्यावर दोनदा क्लिक करायचे, बटण दाबायचे, सेव्ह करून व्हीएलसी बंद करून उघडायचा. शेजारच्या साध्या रकान्यात नोंद केली तर व्हीएलसीची खिडकी समोर असतानाच बटण चालते, आणि बरेच जण नेमके तिथेच फसतात. फूबार २००० या प्लेअरमध्ये हेच काम कीबोर्ड शॉर्टकट्सच्या पानावर ‘ग्लोबल हॉटकी’ची टिकखूण करते.

ज्या कीबोर्डवर ही बटणे नाहीतच, तिथे मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनांतून किंवा स्क्रिप्टने बटणांची कामे बदलणाऱ्या ऑटोहॉटकीतून स्क्रोल लॉकसारख्या बिनकामाच्या बटणाला प्ले/पॉजचे काम देता येते. कंट्रोल-ऑल्ट आणि आकडा अशी जोडी मात्र जपून निवडावी: इंग्लिश (इंडिया) लेआउटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-४ ने ₹ उमटतो. ती जोडी प्लेअरला दिली की बिल टाइप करताना रुपयाऐवजी गाणे सुरू होते.

मॅक व लिनक्स : मॅकवर काहीच वाजत नसताना एफ-८ (प्ले/पॉजचे बटण) दाबले की अ‍ॅपलचे म्युझिक अ‍ॅप उघडते. ते अडवण्यासाठी नोट्यून्ससारखे छोटे प्रोग्रॅम मिळतात. लिनक्सवर प्लेअर ‘एमप्रिस’ या सामाईक पद्धतीने बोलतात. प्लेअरसीटीएल या आज्ञेला प्लेअरचे नाव देऊन ती आज्ञा बटणाला जोडली की बटणाचे त्या प्लेअरशिवाय कोणीच ऐकत नाही. तिन्हींत सर्वांत स्वच्छ मार्ग हाच.

मुंबईतील वापर : ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, कीबोर्ड घेताना ही बटणे सुटी आहेत की एफएन (Fn) हे जोडबटण दाबून चालणारी आहेत हे दुकानातच लावून बघावे. बऱ्याच लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की या रांगेचे काम उलटते. बटणे ‘अचानक बिघडली’ म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी एवढे करून पाहायला हरकत नाही.

गणेशोत्सवात मंडपातल्या लॅपटॉपवर आरत्यांची यादी लावलेली असते, आणि त्याच लॅपटॉपवर कोणीतरी व्हिडिओ उघडून ठेवलेला असतो. आरती थांबवायला बटण दाबावे तर आरती चालूच आणि वर जाहिरातही सुरू. अशा ठिकाणी ब्राउझर पूर्ण बंद ठेवणे हा कुठल्याही सेटिंगपेक्षा भरवशाचा इलाज.

नाटकाच्या प्रयोगात लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत देणाऱ्याने तर ही बटणे वापरूच नयेत. ब्लूटूथ इयरफोनवरची टिचकीही प्ले/पॉजचाच संदेश पाठवते. लॅपटॉपला जोडलेला इयरफोन विंगेत कोणी सहज कानात घातला आणि बोट लागले, तर भर प्रवेशात संगीत सुरू होते. तिसऱ्या घंटेआधी ब्लूटूथ बंद करावे, प्लेअरमधल्या ग्लोबल नोंदी काढून टाकाव्यात आणि प्लेअरची खिडकी समोर ठेवून स्पेसबारने काम भागवावे.