मूल मोठं झालं की सिलिॲक जातो?

नाही, जात नाही. सिलिॲक म्हणजे ग्लुटेनमुळे (गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या प्रथिनामुळे) आतड्याला इजा होणारा आजार. मोठेपणी तो जातो, हा समज जुना आहे. 1924 मध्ये अमेरिकेतले डॉ. सिडनी हास अशा मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार देऊ लागले. मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना मिळालं. खरं तर त्या आहारात गहू नव्हता! पुढे हास ‘बऱ्या’ झालेल्यांना गहू खाऊ देत. गव्हाचा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी 1950 च्या प्रबंधात मांडला.

किशोरवयात लक्षणं कधीकधी दबतात, इतकंच. ग्लुटेन पोटात जात राहिलं तर आतड्याची इजा चालूच राहते. रक्तक्षय, ठिसूळ हाडं मागाहून कळतात. म्हणून गहू, बार्ली, राय आयुष्यभर बंद.

मात्र निदानाआधीच गहू सोडू नका. चाचणीत आजार निसटू शकतो.